एकत्र शाळा : अंतर कोणी चालावयाचे?

कामगार संघटनेच्या माणसाने मजुरीवर बोलावे, शाळेवर कशाला, असे या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपैकी काहींना वाटेल. परंतु आमच्या एटापल्ली तालुक्यात तेंदूपानांच्या हंगामात फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, दराची बोलणी संपली की आईबाप हळूच दुसरी गोष्ट काढतात. ‘भाऊ, पोराला बाहेरच्या मोठ्या शाळेत पाठवू की इथंच ठेवू?’ मजुरीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता येते; या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बराच विचार करावा लागतो. तो विचार आज आम्ही आपणांपुढे मांडीत आहो.

वेगवेगळ्या जातींची, वर्णांची व भाषांची मुले एकाच शाळेत शिकली पाहिजेत, हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. वादाचा मुद्दा पुढेच आहे. दोन समाजांमध्ये अंतर असते, आणि मुले एका वर्गात बसवावयाची तर ते अंतर कोणी तरी चालून जावे लागते. ते कोणी चालावयाचे? सरकारने, शाळेने, शिक्षकाने, शेजारच्या मुलाने, की सहा वर्षांच्या एकट्या पोराने? आजवरचा इतिहास पाहिला तर हे ओझे बहुतेक वेळा त्या पोराच्याच डोक्यावर दिलेले आढळते.

आपल्याच मुलुखापासून आरंभ करू. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि त्याला तो नाकारण्यात आला. एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल, अशी सरकारला धास्ती होती. पुढे 1858 साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत असे कळविले. कागदावर दार उघडले. परंतु आत गेलेल्या मुलाचे काय होईल, याचा बंदोबस्त कोणी केला नाही.

तो न केल्याचा परिणाम काय झाला, हे साताऱ्याच्या शाळेत दिसते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव तेथील सरकारी शाळेत दाखल झाले. हा दिवस आपल्या राज्यात आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, वर्गात बसण्यासाठी त्यांना स्वतःचे गोणपाट घरून आणावे लागे आणि शाळा सुटल्यावर परत न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. हजेरीपटावर नाव होते आणि सरकारच्या लेखी शाळा एकत्र झालेली होती. मुलाच्या लेखी ती झालेली नव्हती.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या नोकरवर्गालाही ताकीद दिली की, ज्यांना या लोकांशी समतेने वागावयाचे नसेल त्यांनी राजीनामा द्यावा. या दोन हुकुमांची जोडी ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिला हुकूम मुलाला शाळेत आणतो. दुसरा शाळेला सांगतो की, आता तू बदल. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राबत व एकत्र जेवत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे एका मुलाला दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जावयाचे नव्हते. घर सर्वांचे मिळून होते, म्हणून अंतरही सर्वांनी मिळून कापले.

आता दूरदेशीचा दाखला घेऊ, कारण मुलांना मोटारगाडीत बसवून एकत्र करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा राज्यघटनेविरुद्ध आहेत, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने 17 मे 1954 रोजी दिला. 1960 च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्स शहरात रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी मध्यवर्ती सरकारच्या पोलिसांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेर शिव्या देणारा जमाव उभा होता. गोऱ्या आईबापांनी आपली मुले काढून नेली आणि बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर त्या एका मुलीला रिकाम्या वर्गात शिकविले. कायदा जिंकला, पण शेजारी बसावयाला मूल नव्हते.

वस्त्याच वेगळ्या असल्यामुळे जवळच्या शाळेत जावयाचे म्हटले तरी मुले वेगळीच राहत. म्हणून 1971 साली त्याच न्यायालयाने मुलांना बसने दूरच्या शाळांत नेण्याचा उपाय मान्य केला. 1974 च्या सप्टेंबरात बोस्टन शहरात अशा बसगाड्या सुरू झाल्या, तेव्हा दक्षिण बोस्टनमध्ये काळ्या मुलांच्या गाड्यांवर दगड पडले. अनेक गावांत एकत्रीकरण म्हणून काळ्यांच्या शाळा बंद झाल्या आणि त्यांतील हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्या मुलांना नवी शाळा मिळाली, पण त्या शाळेत आपल्यासारखा दिसणारा मास्तर उरला नाही. कामगार चळवळीतल्या माणसाला ही गोष्ट लागल्यावाचून राहत नाही. तथापि त्या प्रयोगाने लाभ झालाच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. काळ्या मुलांना चांगल्या इमारती, पुस्तके व प्रयोगशाळा मिळाल्या आणि पुष्कळांचे पुढचे आयुष्य सुधारले. आमची तक्रार किमतीच्या वाटणीविषयी आहे.

या सर्वांचा आमच्या जंगलाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, येथेही मुलाला त्याच्या गावाबाहेर नेऊन शिकविण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट आश्रमशाळेची. महाराष्ट्रात सुमारे पाचशे शासकीय आणि जवळपास तितक्याच अनुदानित आश्रमशाळा आहेत. त्या झाल्या नसत्या तर आतल्या गावांतील कित्येक मुलांनी पाटीही पाहिली नसती. दुसरी वाट नामांकित शाळांची. 2010 नंतर आदिवासी विकास खात्याने आदिवासी मुलांना शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठविण्यास आरंभ केला. खर्च सरकार देते. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानेही खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेविल्या आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद उचलून धरली. 2024 साली राज्य सरकारने नियम बदलून पुष्कळ खाजगी शाळांना यातून मोकळे केले होते. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तिसरी वाट गावची शाळा मिटवून मुलांना मोठ्या शाळेत नेण्याची. 2023 साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे 15 हजार शाळांचा हिशेब मांडून शिक्षण खात्याने समूह शाळांचे प्रस्ताव मागविले. मुलांना वाहनाने न्यावे, असा त्यातला बेत.

वाहनाला आमचा विरोध नाही. मानव विकास कार्यक्रमातील एस. टी. च्या निळ्या गाड्यांनी मागास तालुक्यांतील मुलींना शाळेपर्यंत नेले, आणि त्या नसत्या तर कित्येक मुलींचे शिक्षण सातवी-आठवीतच थांबले असते. पण ती गाडी सडकेवरच्या गावाची. आमच्याकडे पुष्कळ पाडे सडकेपासून दूर आहेत. पावसाळ्यात नाले चढतात. शेजारच्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की जगाशी संबंध तुटतो. 2021 नंतर सुरजागडच्या लोहखनिजाच्या मालमोटारीही त्याच सडकांवरून धावू लागल्या. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत पाहिजे. हा नियम मुंबईपुण्यासाठी आहे तसा पाड्यासाठीही आहे.

रस्त्याचे अंतर तरी मोजता येते. भाषेचे मोजता येत नाही. आमची माडिया मुले घरी माडिया बोलतात. पाण्याला ती ‘एर’ म्हणतात. पहिलीच्या वर्गात गुरुजी मराठी बोलतात, शहरातल्या शाळेत बाई इंग्रजी बोलतात. मुलाला तहान लागते, पण मागावयाचे कोणत्या शब्दाने? साताऱ्याच्या शाळेत मुलाला पाण्याचा शब्द येत होता, परवानगी नव्हती. येथे परवानगी आहे, शब्द नाही. दोन्हीकडे मूल तहानलेलेच राहते. मग असे मूल गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्या मुलाला ‘मंद’ हा शेरा फार लवकर मिळतो.

दूरच्या शाळेतून सुट्टीत आलेल्या मुलांची दुसरी तऱ्हा आम्ही पाहिली आहे. एक बाप म्हणाला, ‘भाऊ, पोरगं शिकलं, पण आता त्याला आमचं जेवण गोड लागत नाही, अन् आजीशी काय बोलावं ते सुचत नाही.’ त्यात मुलाचा दोष नाही. त्याला तिकडे टिकावयाचे तर इकडचे काही टाकावे लागले. काही शाळांतून तर या मुलांचे वर्ग व राहण्याच्या खोल्याही वेगळ्या ठेवल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून आल्या आहेत. घरापासून शेकडो कोस नेऊन पुन्हा वेगळेच बसवावयाचे असेल, तर एकत्र शिकण्याचा हेतू उरला कोठे?

आमचे स्वतःचे शालेय शिक्षण थोडे. बाकीचे संघटनेच्या कचेरीत, अर्ज लिहिता लिहिता व कायदे वाचता वाचता झाले. म्हणून आम्ही या प्रश्नाकडे आमच्या धंद्याच्या रीतीने पाहतो. कामगाराची बदली दूर झाली तर संघटना काय विचारते? बदली कोणाच्या सोयीसाठी? सोबत कोण? राहण्याखाण्याची व्यवस्था काय? तेथील साहेबाला या माणसाची भाषा कळते काय? आणि जमले नाही तर मूळ जागी परत येण्याचा हक्क आहे काय? चाळीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या माणसासाठी आम्ही हे पाच प्रश्न विचारतो. सहा वर्षांच्या मुलाची बदली होते तेव्हा एकही विचारला जात नाही; उलट त्याने उपकार मानावे अशी अपेक्षा असते.

हे प्रश्न विचारले तर कारभार कसा बदलेल, ते पाहा. ‘सोबत कोण’ असे विचारले की एका पाड्याचे एकटे मूल पाठविता येत नाही. चार-पाच मुले एकत्र पाठवावी लागतात. भाषेचा प्रश्न विचारला की प्रत्येक आश्रमशाळेत व नामांकित शाळेत मुलांची बोली जाणणारा निदान एक माणूस नेमावा लागतो. आमच्या तालुक्यात बारावी, पदवी झालेली माडिया मुलेमुली कामावाचून बसली आहेत. त्यांना काम मिळते आणि मुलाला आपल्यासारखा दिसणारा शिक्षक मिळतो. परतीचा हक्क मानला की गावची शाळा मोडता येत नाही. आणि सोय कोणाची, हे विचारले की पट कमी म्हणून शाळा मिटविण्यामागे मुलाचे हित किती व खर्चाची बचत किती, ते उघड होते.

कोणी म्हणेल, मग आदिवासींची शाळा वेगळीच बरी. तसे आम्ही म्हणत नाही. वेगळी शाळा लवकरच दुय्यम शाळा होते, हे इतिहासाने पुरते शिकविले आहे. पण मुलाच्या भाषेत सुरू होणारी शाळा ही वेगळी शाळा नव्हे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे 350-अ कलम 1956 पासून सांगते. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा 1976 साली माडिया मुलांच्या दारात सुरू झाली. तिच्यातून शिकलेली मुले पुढे डॉक्टर झाली, शिक्षक झाली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. 2022 साली ती बेकायदा असल्याची नोटीस आली, तेव्हा गाव उच्च न्यायालयात गेले. ज्या गावाला शिक्षणाची आवड नाही असे आपण म्हणतो, ते गाव शाळेसाठी कोर्टाची पायरी चढले, याची नोंद शहरातील सुशिक्षितांनी घ्यावी.

फळीवर प्रश्न विचारणाऱ्या आईबापांना आम्ही आता असे सांगतो की, पोराला जरूर शिकवा; लहान वयात जवळ, आपल्या बोलीच्या आधाराने, आणि पाय भक्कम झाल्यावर दूर. दूर पाठवाल तेव्हा एकटे पाठवू नका आणि शाळेला वर लिहिलेले प्रश्न विचारा. शहरातील श्रोत्यांना आमचे सांगणे निराळे आहे. आपल्या मुलाच्या वर्गात जंगलातले मूल आले असेल, तर ते बऱ्याच दुरून आले आहे. त्याचे नाव नीट उच्चारावयास आपल्या मुलाला शिकवा. त्याच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात, ते त्याला विचारावयास सांगा. त्या शाळेच्या पालकसभेत आपली बसण्याची जागा आहे, आमच्या माणसांची नाही. तेव्हा त्या मुलाला बाकावर इतरांबरोबर बसवितात की वेगळे, हे तेथे उठून विचारण्याचे काम आपणांस करावे लागेल.