कर्नल ब्लेक यांचा फुटलेला संघ

३ ऑगस्ट १९५१ रोजी अमेरिकेतील वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीने एक घोषणा केली. परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल सुमारे ९० कॅडेटना काढून टाकण्यात येत होते. कोरियात युद्ध चालू होते, तरी त्या घोषणेने देश ढवळून निघाला. काढलेल्यांपैकी ३७ जण अकादमीच्या फुटबॉल संघातले होते, आणि त्यांत प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांचा मुलगा बॉब होता.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचे असते आणि प्रतिस्पर्ध्यांनी पळणाऱ्याला जमिनीवर लोळवायचे असते. त्या काळी व्यावसायिक संघांपेक्षा कॉलेजच्या संघांचा दरारा मोठा होता. प्रशिक्षकाचे नाव घरोघरी ठाऊक असे.

ब्लेक (जन्म १८९७) स्वतः वेस्ट पॉइंटचेच, १९२०चे पदवीधर. डार्टमथ कॉलेजात सात हंगाम काढून १९४१मध्ये ते मातृसंस्थेत परतले. आदल्या वर्षी संघाने जेमतेम एक सामना जिंकला होता. तीनच वर्षांनी, १९४४मध्ये, याच संघाने बलाढ्य नोत्र दामला ५९–० असे चिरडले. ब्लँचर्ड आणि डेव्हिस या जोडीने ते दिवस गाजवले. १९४४ ते १९४७ या काळात संघ सलग ३२ सामने अपराजित राहिला. अर्थात हेही सांगायला हवे की युद्धामुळे इतर कॉलेजांतली तरणी मुले आघाडीवर गेली होती आणि वेस्ट पॉइंटला चांगल्या खेळाडूंची वाण नव्हती. पण सारे श्रेय युद्धाला देणे अन्यायाचे ठरेल. सामन्यांच्या फिल्म पुन्हापुन्हा पाहून त्यातली प्रत्येक हालचाल तपासणे आणि आक्रमण व बचाव यांसाठी वेगळ्या तुकड्या उभ्या करणे, ही ब्लेक यांची शिस्त होती. पुढे दंतकथा बनलेले विन्स लोम्बार्डी १९४९पासून पाच हंगाम त्यांच्या हाताखाली साहाय्यक होते आणि काम कसे करायचे ते इथेच शिकले.

मग हे बिनसले कुठे? कॅडेट दोन रेजिमेंटमध्ये विभागलेले होते आणि एकच प्रश्नपत्रिका दोन्ही रेजिमेंटना वेगवेगळ्या दिवशी दिली जाई. आज परीक्षा देणारा उद्या देणाऱ्याला प्रश्न सांगू शकत असे. आपल्या भाषेत, पेपर फोडायला चावी लागतच नव्हती. कोणी शिपाई फितूर करायला नको, कुलूप तोडायला नको. जेवणाच्या टेबलावरचे चार शब्द पुरत. सरावाने थकलेल्या आणि अभ्यासात मागे पडलेल्या खेळाडूंमध्ये ही देवाणघेवाण रुजली. मैदानावर एकमेकांसाठी अंग झोकून देणाऱ्यांना इथे हात आखडता घेणे जड गेले असणार.

अकादमीची आचारसंहिता मात्र कडक. कॅडेट खोटे बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही. आणि दुसऱ्याने तसे केलेले ठाऊक असूनही गप्प राहिला, तर तोही तितकाच दोषी. त्यामुळे कॉपी करणारे आणि मित्राचे नाव न सांगणारे एकाच शिक्षेला पात्र ठरले. न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्या समितीनेही हकालपट्टीच योग्य ठरवली.

ब्लेक यांना हे पटले नाही. एकच पेपर दोन दिवस देणारी पद्धत सदोष आहे, आणि त्या पद्धतीत सापडलेल्या मुलांवर आयुष्यभराचा कलंक लावू नये, असे ते म्हणत राहिले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण संघाला अकादमीत जे वेगळे स्थान मिळाले होते ते त्यांनीच कमावले होते, आणि तिथेच ही कीड वाढली, याचे उत्तर त्यांच्या युक्तिवादात सापडत नाही.

राजीनामा द्यावा असे त्यांच्या मनात आले. ते सल्ल्यासाठी मॅकार्थर यांच्याकडे गेले. ब्लेक कॅडेट असताना मॅकार्थर अकादमीचे प्रमुख होते, आणि आता राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना नुकतेच पदावरून दूर केले होते. हल्ला चालू असताना जागा सोडू नकोस, असा त्यांचा सल्ला. ब्लेक थांबले.

त्या हंगामात नवशिक्यांच्या संघाने दोन सामने जिंकले, सात गमावले. पुढच्या वर्षी चार विजय, चार पराभव, एक बरोबरी. मग १९५३च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला बलाढ्य ड्यूकशी गाठ पडली. आर्मी १४–१३ने पुढे असताना ड्यूकचा खेळाडू चेंडू घेऊन मोकळा सुटला आणि ७३ यार्ड धावला. बॉब मिशॅकने मागून पाठलाग करून त्याला गोलरेषेपासून सात यार्डांवर लोळवले. त्यानंतर ड्यूकने लागोपाठ धडका दिल्या. आर्मीची फळी हलली नाही.

१९५८च्या अखेरच्या हंगामात ब्लेक यांनी एक गंमत केली. बिल कार्पेंटर हा खेळाडू डाव ठरवण्याच्या घोळक्यात न येता दूर एकटाच उभा राही, तरी त्याला डाव कळे. कसा, हे त्या हंगामभर कोणाला उमगले नाही. उत्तर नंतर ब्लेक यांनीच सांगितले: क्वार्टरबॅक पाय कसे ठेवून उभा राहतो, त्यावरून. संघ अपराजित राहिला आणि ब्लेक निवृत्त झाले. अकादमीतील १८ हंगामांत १२१ विजय, ३३ पराभव, १० बरोबरी. १९६०मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले, आणि त्यातही १९५१च्या त्या मुलांचीच बाजू घेतली.