वेताळाच्या लग्नांतला पाहुणा

दोन पराक्रमी पुरुषांची गांठ पडली म्हणजे पुढें काय होणार, हें कुतूहल मनुष्यस्वभावांतच आहे. वनपर्वांत भीम हनुमंताचें शेपूट उचलूं लागतो, तेव्हां पुराणिकबुवांचे श्रोते सरसावून बसतात तें याच कारणानें. अमेरिकन चित्रकथाकारांनीं या कुतूहलाचा मोठा धंदा केला. १९४० सालीं त्यांनीं ह्यूमन टॉर्च व सब-मरिनर या दोन वीरांची गांठ घातली ती झुंजीसाठीं. त्याच वर्षाच्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकांत वीरांचें पहिलें मंडळ भरलें. पण तेथें प्रत्येकानें मेजाभोंवतीं बसून आपआपल्या पराक्रमाची हकीकत सांगितली, इतकेंच.

झुंज आणि बढाई यांपलीकडची भेट पाहावयाची असेल, तर आपल्याकडील पुष्कळ घरांत एके काळीं आवडीनें वाचल्या गेलेल्या इंद्रजाल कॉमिक्सकडे वळावें. टाइम्स ऑफ इंडियानें ही मालिका मार्च १९६४ मध्यें मुंबईहून सुरू केली व ती १९९० पर्यंत चालली. तिचे मराठी अंकहि निघत. तिच्यांतील वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे दोघेहि ली फॉक या एकाच लेखकाचे मानसपुत्र. मँड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा. दोघांचीं राज्यें निराळीं : एकाचें अरण्य, दुसऱ्याची नगरी व रंगभूमि. दोघांची भेट झाली ती वेताळाच्या लग्नांत.

हें लग्न १९७७ च्या अखेरीस वृत्तपत्रांतील चित्रमालिकेंत लागलें. चित्रें साय बॅरी यांचीं. वधू डायना ही संयुक्त राष्ट्रसंघांत काम करणारी. पहिल्या कथेपासून ती वेताळाच्या आयुष्यांत होती, म्हणजे वाचकांस अक्षता टाकण्यासाठीं एकेचाळीस वर्षें वाट पाहावी लागली! घोर अरण्यांतील त्या सोहळ्यास अरण्यवासी होते, दोन काल्पनिक राष्ट्रांचे अध्यक्ष होते, आणि मँड्रेकहि आला होता. स्पर्धेला नव्हे, स्नेही म्हणून. एकाच्या मोठेपणासाठीं दुसऱ्यास लहान करावें लागलें नाहीं, हें या भेटीचें पहिलें वैशिष्ट्य.

दुसरें वैशिष्ट्य पटकन् ध्यानांत येत नाहीं. मँड्रेकबरोबर लोथारहि पाहुणा म्हणून आलेला आहे. हा लोथार मूळचा सात राष्ट्रांचा राजपुत्र. परंतु १९३४ सालच्या चित्रांत तो बिबट्याचें कातडें पांघरून, गोंड्याची टोपी घालून, तोडकें-मोडकें इंग्रजी बोलत धन्याच्या मागें उभा असे. राजपुत्र असूनहि त्याचें काम चाकराचें. १९६५ मध्यें मँड्रेकचीं चित्रें फ्रेड फ्रेडरिक्स यांच्याकडे आलीं, आणि लोथारची भाषा सुधारली, पोशाख बदलला. चाकराचा मित्र झाला. लग्नमंडपांत आला तो हा मित्र.

म्हणून जुना अंक मुलांच्या हातीं देतांना तो निर्दोष समजून देऊं नये. पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या घराण्यानें आफ्रिकन अरण्यावर अधिकार चालवावा आणि तेथील लोकांनीं त्यास अमर मानावें, ही मूळ कल्पना साम्राज्यकाळची आहे. इंद्रजालच्या संपादकांनीं मूळच्या देशाचें नांव बदलून 'डेंकाली' केलें. कल्पना मात्र तीच राहिली. तथापि अंक जाळून टाकण्याचेंहि कारण नाहीं. वेताळाचा न्याय, त्याचें वचन आणि लोथारचें बदलत गेलेलें स्थान, हीं एकत्र वाचलीं तर मुलांस कांहीं शिकावयास मिळेल.

आतां हीच कसोटी घरच्या कथांना लावून पाहूं. हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें संत नामदेवांचें जन्मगांव मानिलें जातें. नामदेव व ज्ञानेश्वर तीर्थयात्रेस निघाले असतां मरुभूमींत दोघांस तहान लागली. विहीर खोल, दोर नाहीं. ज्ञानेश्वर योगबळानें सूक्ष्म रूप घेऊन खालीं उतरले व पाणी प्याले. नामदेवांनीं विठ्ठलाचा धांवा केला, तों विहीरच भरून वाहूं लागली, असें परंपरा सांगते. येथें दोन निराळीं सामर्थ्यें आहेत. परंतु झुंज नाहीं, बढाई नाहीं. वारकरी दोघांचाहि जयजयकार करितात. एक ब्राह्मण, दुसरा शिंपी; पण मार्गावर दोघे सोबती.

याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ आहे. तेथील आख्यायिका याहून तीक्ष्ण आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांस पुजाऱ्यांनीं देवळामागें जावयास लाविलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें. आपल्या घरांतून ही कथा सांगतांना चमत्कार रंगवून सांगितला जातो; नामदेवांस मागें कोणीं व कां पाठविलें, हें मात्र बहुधा चटकन् उरकलें जातें. तसें होऊं नये. लोथार मागें कां उभा आहे, असें अमेरिकन लेखकास विचारणाऱ्या मुलानें औंढ्याच्या पुजाऱ्यांविषयींहि तोच प्रश्न विचारला, तर त्यास गप्प बसवूं नये.

सुटीच्या दिवशीं जुन्या पेटींतले अंक काढावेत, आजोबांनीं नामदेवांची कथा सांगावी, मुलांनीं वेताळाचें लग्न वाचून दाखवावें. प्रत्येक चित्रांत पुढें कोण आहे हें मुलांस आपसूक दिसतें. मागें कोण आहे व कां, हें दाखविण्याचें काम मात्र वडील माणसांनींच केलें पाहिजे.