राजापूरची गंगा आणि दशहरा

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंतचे दहा दिवस भागीरथीच्या स्मरणाचे. ‘दशहरा’ म्हणजे दहा पापे हरण करणारी. शास्त्रकारांनी या पापांची वाटणी केली आहे. देहाची तीन, मनाची तीन आणि वाणीची मात्र चार! कठोर बोलणे, खोटे बोलणे, चहाडी आणि असंबद्ध बडबड. या चौथ्याची धास्ती आम्हां कीर्तनकारांनी विशेष बाळगावी.

या पर्वात काशीस जाणे सर्वांस साधत नाही. कोकणच्या भाविकांस त्याची खंत नसावी. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरनजीक उन्हाळे गावच्या टेकडीवर गंगा स्वतःच येते. तीर्थाची कथाही तशीच गोड आहे. गंगाजी साळुंखे नावाचा कुणबी दरवर्षी पंढरीची वारी करी. वार्धक्याने पाय थकले, वारी चुकणार म्हणून तो शेतातच कळवळला, आणि भगवंताने त्याच्यासाठी वडातळी गंगा प्रकट केली. राजवाड्यात नव्हे, ज्ञानमंडपात नव्हे, नांगरल्या मातीत! कविवर्य मोरोपंतांसारख्या पंडितालाही या तीर्थाचे काव्य करावेसे वाटले, यात नवल ते काय?

वडाच्या मुळाशी मूळगंगा, जवळच गोमुखाचे काशीकुंड, आणि यमुना, सरस्वती, गोदा, कृष्णा, नर्मदा, भीमा अशा नावांची कुंडे. सारी मिळून 14. कुंडे हाताच्या अंतरावर, तरी एकाचे पाणी गार तर दुसऱ्याचे कोमट लागते.

गंगा साधारणतः तीन वर्षांनी येते व दोन-तीन महिने राहते, असा पूर्वापार अनुभव. अलीकडे मात्र हा नेम पुष्कळ ढळला आहे. डोंगराच्या पोटातील पोकळीत पाणी साठते, ते ठरावीक पातळीस पोहोचले की वक्रनलिकेच्या न्यायाने वाहू लागते आणि पोकळी रिती होताच थांबते, अशी उपपत्ती जाणकार मांडतात. ती मानल्याने श्रद्धेस उणेपणा येत नाही. उलट, डोंगरावरची झाडे तोडली, जमीन खोदली, तर त्या पोकळीत पाणी मुरणार कोठून? गंगापूजन करणाऱ्याने हे आधी पाहावे.

कुंडांत साबण लावणे, कपडे पिळणे, निर्माल्य सोडणे हे सर्वथा निंद्य होय. मलमूत्र तर राहोच, तीर्थात चूळ टाकणेही शास्त्रास मान्य नाही.

आणि दशहऱ्यास कुंडे कोरडी असली तर? पुष्कळांना हीच हुरहूर असते. मुलाबाळांसह दूरवरून आलेली वृद्ध माउली रिकाम्या कुंडाशी उभी राहिली, तर तिची यात्रा वाया गेली काय? मुळीच नाही. कोणत्याही नदीत, अगदी घरच्या घंगाळातही, गंगास्मरणपूर्वक केलेले स्नान धर्माने मान्य केले आहे. शिवाय टेकडीखाली, अर्जुना नदीच्या बाजूस, उन्हाळ्याचा ऊन पाण्याचा झरा आहेच. तो गंगेसारखा रुसत नाही.

गंगा आलेली असताना यात्रेचा रूढ क्रम असा : आधी उन्हाळ्याच्या झऱ्यावर स्नान, मग टेकडी चढून गंगास्नान, आणि त्यानंतर धूतपापेश्वराचे दर्शन. ज्याने पाप धुऊन टाकले तो धूतपाप. मृडानी नदीचा प्रवाह तेथे मंदिरालगतच कड्यावरून कोसळतो, आणि पावसाळा लागला की गाभाऱ्यातील मंत्रघोष त्या आवाजात बुडून जातो.