शर्यत थांब्यावर ठरते

दर मार्चमध्ये अलास्कात कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांची एक शर्यत होते. अँकरेजहून निघायचं आणि डोंगर, गोठलेली युकॉन नदी, मग बेरिंग समुद्राचा वाऱ्यानं झोडपलेला किनारा पार करून नोम गाठायचं. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. नाव इडिटारॉड, म्हणजे सोन्याच्या मागे वसलेलं आणि सोन्याबरोबरच ओस पडलेलं एक गाव. एका वर्षी उत्तरेची वाट घेतात, पुढच्या वर्षी दक्षिणेची.

१९२५मध्ये घटसर्पावरचं प्रतिविष कुत्र्यांनी नोमला पोहोचवलं होतं. त्याच धावेची आठवण म्हणून ही शर्यत सुरू झाली, असं बहुतेक जण सांगतात. पण १९७३मध्ये ती उभी करणारे जो रेडिंग्टन यांची चिंता जास्त जवळची होती. गावोगावी स्नोमोबाइल आल्या होत्या आणि अंगणातली कुत्री नाहीशी होत होती. गंमत अशी, की आज कुत्र्यांच्या पुढे बर्फ दाबून वाट पाडतात त्या याच स्नोमोबाइल.

गाडी हाकणाऱ्याला मशर म्हणतात. त्याची परीक्षा कुत्री थांबली की सुरू होते. थांब्यावर पोहोचताच आधी वाळक्या गवताचं अंथरूण घालायचं, मग पायांतले कापडी मोजे काढायचे. चौदा कुत्री म्हणजे छप्पन्न मोजे, तेही उणे तीस अंशांत, उघड्या बोटांनी. मग बर्फ वितळवून मांसाचा गरम रस्सा. एकेका कुत्र्याला दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. त्यानंतर प्रत्येक पंजा चाचपून मलम लावायचं. मशरच्या वाट्याला झोप उरलीच तर तासाभराची. हे खाणं आणि गवत आठवडे आधी विमानानं थांब्यांवर पोहोचवलेलं असतं. विमानं उडवणारे, थांबे सांभाळणारे, कुत्री तपासणारे पशुवैद्य, यांतले बरेचसे स्वयंसेवक. ते नसतील तर शर्यत सुरूच होणार नाही.

थकलेलं कुत्रं थांब्यावर सोडता येतं, ते विमानानं परत जातं. पण त्याच्या जागी दुसरं मिळत नाही, आणि नोमला निदान पाच कुत्री जुंपलेली लागतात. त्यामुळे हावरा मशर शेवटी उघडा पडतो.

नियमही त्या मुलखाला शोभणारे. स्वसंरक्षणासाठी मूस हरीण मारावं लागलं तर मांस वाया जाऊ नये म्हणून त्याची आतडी तिथेच काढायची. २०२४मध्ये डॅलस सीव्ही यांनी ते काम नीट केलं नाही म्हणून त्यांना दोन तासांचा दंड झाला. तरीही ते जिंकले, सहाव्यांदा.

त्याच वर्षी शर्यतीत तीन कुत्री मेली. प्राणिमित्र शर्यत बंद करा म्हणतात, प्रायोजक काढता पाय घेतात. या कुत्र्यांना धावण्याची ओढ असते हे खरं, पण तेवढ्यानं उत्तर पूर्ण होत नाही. पहिल्या शर्यतीला वीस दिवस लागले होते. २०१७मध्ये मिच सीव्ही सुमारे आठ दिवसांत पोहोचले. सक्तीची विश्रांती मात्र चाळीस तासांचीच: एकदा चोवीस, दोनदा आठ. ती साठ तासांची करावी. विक्रम मोडले नाहीत तरी कुणाचं काही बिघडणार नाही.