चेहऱ्याची साक्ष

औरंगपुऱ्यातल्या एखाद्या कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या मनुष्यास ‘उद्या या’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्यात मंजुरीचा संभव जितका असतो तितकाच बोळवणीचाही असतो. परंतु ते शब्द उच्चारताना कारकुनाच्या भुवया किंचित आकसल्या असतील, तर अर्जदार पायऱ्या उतरता उतरताच आपले प्रकरण दप्तरी दाखल झाले असे मनाशी ठरवून टाकतो, आणि त्याच भुवया सैल असून डोळ्यांच्या कडांना प्रसन्नतेची रेषा उमटली असेल, तर तो निर्धास्त मनाने मंडईकडे वळतो.

जेथे अर्थ संदिग्ध तेथे मुद्रा निवाडा करते, आणि हे आपण बोलू लागण्यापूर्वीच शिकतो, याचे मला वाटते सर्वांत हृद्य प्रमाण म्हणजे जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. काचेच्या मेजाखाली सुमारे 30 सेंटिमीटरचा, म्हणजे धड खोल नाही आणि धड उथळ नाही असा खळगा भासेल अशी योजना करून, एका टोकाला वर्षाचे मूल आणि दुसऱ्या टोकाला त्याची आई, अशी ती मांडणी होती; काठाशी थबकलेले मूल आईकडे पाही, आणि तिच्या मुखावर आनंद असता 19 मुलांपैकी 14 मुले काच ओलांडून गेली, भय असता 17 मुलांपैकी एकही गेले नाही. खळगाच नसता मात्र फारच थोड्या मुलांनी आईकडे पाहिले, आणि तिच्या मुखावरील भय ज्यांनी पाहिले तीही जराशी घुटमळून पुढे गेलीच. अर्थात मुद्रेचा अंमल शंकेच्या मुलखातच चालतो. आपल्या नाट्यशास्त्रानेही स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम असे चार मुखराग, म्हणजे भावानुसार चेहऱ्यावर उमटणारे रंग, सांगून आंगिक अभिनयाला त्यांची जोड अवश्य मानली आहे.

शंकेत मुद्राच निवाडा करते या सत्याचा विलक्षण दाखला आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात आहे. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांसह या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि मंचकावर मान टाकलेल्या, अर्धोन्मीलित नेत्रांच्या एका स्त्रीचे चित्र ‘मरणासन्न राजकुमारी’ म्हणून जगभर गाजले. तिला मागून सावरणारी दासी, वारा घालणारी दुसरी, हात हाती घेऊन व्याकुळ दृष्टीने पाहणारी तिसरी. या मुखांवरची चिंता इतकी अस्सल आहे की पाहणाऱ्याने मृत्यूच वाचावा यात नवल नाही. पुढे अभ्यासकांनी कथा ओळखली: ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी, आणि पतीने प्रव्रज्या घेतल्याचे कळताच ती मूर्च्छित झाली आहे. चित्रकाराने काहीच लपविलेले नव्हते. नंदाचा मुकुट घेऊन आलेला सेवक त्याच प्रसंगात उभा आहे. दासींची चिंता दोन्ही कथांत सारखीच खरी ठरते, कारण मुख प्रसंगाचे गांभीर्य सांगते, त्याचे कारण सांगत नाही. ते कारण त्या सेवकाच्या हातात होते, आणि पाहणाऱ्यांची नजर मुखांवरच खिळून राहिली.