मडगार्ड कापण्याआधी

जुन्या बुलेटची स्क्रॅम्बलर करायची ठरली की हौशी माणूस सगळ्यात आधी ग्राइंडर शोधतो. मागचं लांबलचक मडगार्ड उडवायचं, साइडचे डबे काढायचे, रुंद हँडल आणि खोल खाचांचे टायर बसवायचे, सायलेन्सर वर उचलायचा, की झाली गाडी. फोटोपुरती होतेही.

पण बुलेटच्या अंगात हे सोंग नवीन नाही. 'स्क्रॅम्बल' म्हणजे चिखल-चढणीतून धावणारी शर्यत. तिची सुरुवात १९२४ साली इंग्लंडमधल्या कॅम्बर्लीच्या माळावर झाली असं मानतात. मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि शॉकअप असलेली ३५० सीसीची बुलेट १९४८ साली बाहेर पडली ती शोरूममध्ये नव्हे, तर अशाच दगडधोंड्यांच्या ट्रायल स्पर्धांत. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिच्या स्वारांनी सुवर्णपदकं घेतली. १९५२ मध्ये जॉनी ब्रिटनने स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल तिच्यावरच जिंकली. आपल्या लष्करानेही तिला निवडलं ते सरहद्दीवरच्या गस्तीसाठी. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली आणि पुढे कधीतरी आपण तिला पाटलाची गाडी करून टाकलं. क्रोमचे गार्ड, गादीसारखी सीट आणि जमिनीला समांतर लांब सायलेन्सर हा थाट आपला. म्हणजे स्क्रॅम्बलर करताना बरंचसं काम उतरवण्याचंच आहे.

मात्र सुरुवात इंजिनापासून हवी. कास्ट आयर्नचं हे ३४६ सीसीचं इंजिन, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक. ताकद साधारण १८ हॉर्सपॉवर, पण लांब स्ट्रोकमुळे ते कमी आरपीएमलाही नेटाने ओढतं, आणि कच्च्या चढावर तेच कामाला येतं. बोअर, रिंगा, ऑइल पंप, क्लच प्लेटा यांवर आधी पैसे घाला, रंग नंतर. चढाला आणखी जोर हवा असेल तर पुढचं स्प्रोकेट एक दात लहान करतात. मात्र ते क्लचच्या मागे दडलेलं असतं, त्यामुळे एका दातासाठी अख्खा प्रायमरी उघडावा लागतो. मागच्याला हात लावावा म्हटलं तर ते ब्रेकच्या ड्रमशी एकसंध ओतलेलं. बुलेट अशी हट्टी आहे.

उंचीचं प्रकरण त्याहून फसवं. मागे लांब शॉकअप लावले की गाडी ऐटदार दिसते, पण मागून उचलली गेल्यामुळे पुढचा फोर्क अधिक उभा होतो आणि हँडल चपळ, कधी चंचल होतं. स्विंगआर्मचा कोन बदलतो, म्हणून चेनचा ताण नव्याने बघावा लागतो. साइड स्टँड आखूड पडतो तो वेगळाच. रुंद हँडलचंही तसंच. क्लच, ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या केबली जुन्याच ठेवल्या तर हँडल पूर्ण वळवताच इंजिन आपोआप रेस होतं. अरुंद वाटेवर गाडी वळवताना हे झालं तर माणूस थेट शेतात.

आणि सायलेन्सर. स्क्रॅम्बलरची ओळखच ती, आणि चूकही बहुधा तिथेच होते. जुन्या बुलेटचा पाइप उजवीकडे, किकही उजवीकडे, गिअरसुद्धा उजवीकडे. पाइप वर नेला की किकची वाट मोकळी ठेवायची आणि मांडी भाजू द्यायची नाही, ही दोन्ही गणितं एकाच बाकात सोडवावी लागतात. चांगला कारागीर पाइपात वाळू ठासून मगच तो वाकवतो, म्हणजे बाकाशी चेपत नाही. त्यावर जाळीचं कवच हवंच. पाइपाभोवती पट्टी गुंडाळण्याची फॅशन आपल्या पावसाला मानवत नाही. पट्टी ओल धरते आणि तिच्याखाली पाइप गंजतो. आतली जाळी काढून नुसता धडधडाट करणाऱ्यांबद्दल काय बोलावं? पुण्यात आणि नागपुरात पोलिसांनी अशा सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवले, मला वाईट वाटलं नाही.

मडगार्ड न लावलेल्या बुलेटचे फोटो नेहमी मे महिन्यात काढलेले असतात. जुलैत ताम्हिणी उतरताना पुढच्या चाकाचा राडा सरळ तोंडावर येतो. उंच पण पुरेसं लांब मडगार्ड ठेवणारा माणूस मला जास्त जाणता वाटतो.

कायदा मात्र नाजूक आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा मथितार्थ असा, की उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही. म्हणून चेसिस कापण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. ती नंबराची जागा आहे आणि गाडीचा कणाही. नटबोल्टने बसेल, नटबोल्टने निघेल एवढंच करावं, आणि तेसुद्धा रस्त्यावर आणण्यापूर्वी आरटीओत विचारून. रंग बदलला तर आरसीत नोंद हवी.

नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग अजून सापडतात, पण कास्ट आयर्न इंजिन बनणं थांबलं त्याला दशकाहून अधिक काळ लोटला, तेव्हा चांगल्या जुन्या मालाची निगुतीने पारख करावी लागते. आपल्या गाडीवरून उतरवलेली टाकी, मडगार्ड, डबे, जुना सायलेन्सर भंगारवाल्याला देऊ नका. तेल लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर टाका. गाडी विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक आधी त्यांचीच चौकशी करतं.