गुलाबी पाणी आणि दोन सेकंद

फिनॉल्फ्थॅलीन ही एक पांढरी, निरुपद्रवी दिसणारी पूड. साध्या पाण्यात तिचा रंग दिसत नाही. पाण्यात धुण्याचा सोडा असेल तर मात्र तेच पाणी झर्रकन गुलाबी होतं. उज्जैनच्या लोकायुक्त पोलिसांपासून आपल्याकडच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागापर्यंत सगळ्यांचे सापळे या एका गुणधर्मावर उभे आहेत. पंचांसमोर नोटांचे नंबर टिपून घ्यायचे, नोटांना पूड फासायची. तक्रारदाराने त्या साहेबांच्या हातात ठेवून ठरलेली खूण केली, की दबा धरून बसलेल्या पथकाने आत शिरायचं आणि साहेबांची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवायची. नोटा खणात टाका, खिडकीबाहेर फेका, बोटं बोलतातच.

मला जास्त नवल वाटतं ते या पुडीआधीच्या पायरीचं. लाच खरंच मागितली गेली का, याची आधी पडताळणी होते. त्यासाठी तक्रारदाराच्या खिशात एक छोटा रेकॉर्डर ठेवला जातो. शेतजमिनीच्या नोंदीसाठी चकरा मारून थकलेला माणूस तलाठ्यासमोर (मध्य प्रदेशात त्याला पटवारी म्हणतात) बसतो आणि रेकॉर्डर चालू असतो. म्हणजे इथे नागरिक सरकारी माणसाचं बोलणं टिपतोय! आणि हे टिपणं पुढे उजेडात येतं. पंच साक्षीला येतात, रेकॉर्डिंगची प्रत आरोपीच्या वकिलाला मिळते, उलटतपासणी होते, कधीकधी आरोपी सुटतोही.

आता हीच दिशा उलटी करून बघा. सरकार नागरिकाचं ऐकतं तेव्हा काय होतं?

फोनवर खरखर ऐकू आली की ‘टॅप होतोय वाटतं’ असं आपण गमतीने म्हणतो. ती खरखर खराब नेटवर्कची. टॅपिंगला आवाज नसतो. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारेला तार जोडावी लागे. आता मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतच, परवान्याच्या अटीप्रमाणे, ही सोय आधीपासून बसवलेली असते. आदेश आला, नंबर नोंदवला, की त्या फोनच्या प्रत्येक कॉलची एक प्रत तपास यंत्रणेकडे वाहू लागते. २६/११ नंतर उभारलेल्या सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टीमने यातला आणखी एक माणूस कमी केला: कंपनीचा तो अधिकारी, ज्याच्या हातात निदान आदेशाचा कागद पडत असे.

इंटरनेटचं गणित जरा वेगळं आहे. आज बहुतेक संकेतस्थळांशी आपलं बोलणं कुलूपबंद असतं. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला बंद पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र दिसत नाही. पण नुसत्या पत्त्यांतूनही माणूस बराच कळतो. रात्री दोनला कोणता टॉवर, कोणाला फोन, किती मिनिटं, त्यानंतर लगेच कोणाला दुसरा फोन. कॉल रेकॉर्डच्या अशा एका तक्त्यावरून कुणाचं कर्ज थकलंय, कुणाच्या घरी दुखणं आहे, कोण कोणत्या पत्रकाराशी बोलतोय, हे सगळं एक शब्दही न ऐकता मांडता येतं.

आणि पत्रच वाचायचं असेल तर? मधल्या वाटेवर कुलूप तुटत नाही. मग उरते एकच जागा: खुद्द फोन, जिथे अक्षर कुलुपात जाण्याआधी पडद्यावर उमटतं. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस नेमकं तिथे जाऊन बसतं. ते आत कसं शिरतं याची एक हकिगत २०२१ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरोच्या अभ्यासकांनी उलगडली. ती वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. भीती वाटली, पण त्याआधी दाद द्यावीशी वाटली.

आयफोनवर एक फाइल येते. नाव जिफचं, आतून पीडीएफ. मालकाने काही उघडावं लागत नाही, कशाला बोट लावावं लागत नाही. फोन स्वतःच ती फाइल चाळून बघतो. त्या पीडीएफमध्ये एक चित्र असतं, जेबिग-२ नावाच्या जुन्या पद्धतीने दाबून बसवलेलं. ही पद्धत निघाली कशासाठी, तर फॅक्स आणि स्कॅनरसाठी. पानावर ‘e’ पाचशे वेळा आला तर तो एकदाच साठवायचा, आणि किरकोळ फरक असेल तर ठिपक्यांवर ठिपके ठेवून, ‘आणि’, ‘किंवा’ अशा साध्या तार्किक क्रिया करून तो दुरुस्त करायचा. बस्स, इतकंच. पण ‘आणि’, ‘किंवा’ या क्रिया म्हणजे तर संगणकाच्या चिपचा पाया! तिथल्या एका चुकीमुळे चित्राच्या हद्दीबाहेरच्या मेमरीवरही या क्रिया करता येत होत्या. हल्लेखोरांनी अशा सत्तर हजारांहून अधिक आज्ञा एकामागोमाग रचल्या आणि त्यांतून बेरीज करणारा, तुलना करणारा एक छोटा संगणकच त्या चित्राच्या पोटात उभा केला. त्या संगणकाने मग फोनचं दार आतून उघडलं. ॲपलने १३ सप्टेंबर २०२१ रोजी ही फट बुजवली. इतकी बुद्धी, इतकी चिकाटी, आणि ती कुणाचे तरी खासगी निरोप वाचण्यासाठी खर्ची पडलेली.

हे लांबचं वाटत असेल तर नागपूरकडे बघा. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने याच कंपनीवर अमेरिकेत दावा लावला, तेव्हा ज्यांना ‘तुमचा फोन लक्ष्य झाला होता’ असे निरोप गेले त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. त्या दाव्यात पुढे दाखल झालेल्या यादीत ५१ देशांतले १,२२३ फोन आहेत. त्यांपैकी १०० भारतातले. आम्ही फक्त सरकारांना विकतो, असं कंपनी म्हणते. आपण घेतलं की नाही, हे भारत सरकारने आजवर ना हो म्हटलंय ना नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते तिच्यात होते. २९ फोन तपासले गेले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच का हे सांगता आलं नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही असं न्यायालयातच सांगितलं गेलं. अहवाल पाकिटात बंद राहिला.

मग फोन टॅपिंगवर कोणाची नजरच नाही का? आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जोरावर शंभर वर्षं फोन ऐकले गेले; १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याला शिस्त लावली. आदेश गृहसचिवांनी द्यायचा, त्याला मुदत असायची, आणि एका पुनर्विलोकन समितीने तो तपासायचा. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याखाली डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नियमांतही हाच सांगाडा आहे. केंद्रात समितीचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव, राज्यात मुख्य सचिव, बाकीचे दोघेही सचिवच. न्यायाधीश एकही नाही. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते.

आता एक हिशेब करू. माहिती अधिकारातून पूर्वी बाहेर आलेल्या आकड्यांनुसार एकटं केंद्र सरकार महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार टॅपिंगचे आदेश काढत होतं. म्हणजे समितीच्या एका बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या विदासंरक्षण समितीने २०१८ मध्ये हे काम अशक्यप्राय असल्याचं नोंदवलंच होतं. समजा, हे तिन्ही सचिव सकाळी बसले, आठ तास जागचे हलले नाहीत, चहासुद्धा नाही. आठ तासांचे सेकंद २८,८००. एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्यात फाइलवरचं नाव तरी वाचून होतं का? आणि ते नाव खरं असेल असंही नाही. काँग्रेसचे नाना पटोले यांचा फोन अमली पदार्थांच्या धंद्यातला कुणी ‘अमजद खान’ आहे असं दाखवून टॅप केला गेला, असा आरोप २०२१ मध्ये विधानसभेत झाला. २०२२ मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आणि मुंबईतला दुसरा गुन्हा रद्द केला. गब्बरच्या नटाचं नाव आदेशावर वाचून एखाद्या सचिवाची भुवई तरी वर गेली असती. पण भुवई वर जायलाही दोन सेकंद लागतात.

उज्जैनचं नाव अधिकाऱ्यांवरच्या देखरेखीशी जोडलेलं फार जुन्या ठिकाणी सापडतं, आणि तेही उज्जैनहून हजार किलोमीटर लांब, ओडिशात भुवनेश्वरजवळच्या धौलीच्या खडकावर. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अशोकाने तिथे आपल्या शहर-न्यायाधिकाऱ्यांना उद्देशून एक आज्ञा कोरवली. विनाकारण कुणाला डांबू नका, छळू नका, असा तिचा आशय. अधिकारी का चुकतात याची तिने यादीच दिली आहे: मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, आळस, थकवा. (थकव्याचाही विचार केलेला बघून बरं वाटतं.) आणि पुढे व्यवस्था: दर पाच वर्षांनी एक सौम्य स्वभावाचा अधिकारी हे सगळं पाळलं जातं का ते बघायला फिरतीवर निघेल, उज्जैनचा राजपुत्रही असंच पथक पाठवील, तीन वर्षांहून जास्त खंड न पाडता, तक्षशिलेहूनही तसंच. यात माझ्या दृष्टीने सगळ्यात थोर कलम मात्र वेगळंच आहे. ही आज्ञा पुष्य नक्षत्राच्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवायची, आणि प्रसंगी एकच माणूस ऐकायला असला तरी वाचायची. साहेबांना काय बजावलंय, हे ज्याच्यावर साहेबाचा अंमल चालतो त्यालाही कळलं पाहिजे. अशोक भाबडा नव्हता. त्याचे खबरे रात्री-अपरात्री त्याच्याकडे येत. पण तपासणी कुणाची आणि किती दिवसांनी, हे त्याने दगडावर उघडं लिहिलं.

भ्रष्टाचार पकडायचा तर फोन ऐकायलाच हवेत, असं एक म्हणणं आहे, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. लाच घेणारा पावती देत नाही. पण कायदा म्हणतो, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच टॅपिंग करा. मग लाच म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेला धोका का? ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहा लाखांच्या लाचेच्या प्रकरणात टॅपिंगचे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. २६ जून २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, भ्रष्टाचार इतका खोल पोखरतो की तो सुरक्षिततेचा प्रश्न होऊ शकतो. आणि आठवडा उलटायच्या आत, २ जुलैला, मद्रास उच्च न्यायालयाने पन्नास लाखांच्या लाचेतलं टॅपिंग बेकायदा ठरवलं. एकच कायदा, एकच आठवडा, दोन टोकं.

मध्य प्रदेशातला सर्वांत गाजलेला घोटाळा पकडायला मात्र कुणाचा फोन ऐकायची गरजच नव्हती. व्यापम, म्हणजे तिथलं व्यावसायिक परीक्षा मंडळ. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत ‘इंजिन-बोगी’ चालायची: पैसे मोजलेला उमेदवार ही बोगी, भाड्याने आणलेला हुशार मुलगा हे इंजिन, दोघांचे बैठक क्रमांक लागोपाठ. क्रमांक संगणकाने विस्कटून द्यायचे असतात. ते मंडळातूनच जुळवले जात. २०१३ मध्ये इंदूर पोलिसांनी धरपकड केली आणि मंडळाच्याच अधिकाऱ्याची हार्ड डिस्क तपासकर्त्यांच्या हाती लागली. तिच्यातल्या यादीत फेरफार झाल्याचा आरोप विरोधकांनी केला. उच्च न्यायालयाला आणि पुढे सीबीआयला तो पटला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ जणांचे प्रवेश रद्द केले. इतकी वर्षं हे चाललं ते नागरिकांवर नजर कमी पडली म्हणून नव्हे. एका सरकारी खोलीत, एका सरकारी संगणकासमोर कोण काय करतंय, तिकडे कुणी बघत नव्हतं.

लोकांचा वैताग मला इथे समजतो. २०१८ पासून अधिकाऱ्याच्या निर्णयाची भ्रष्टाचाराबद्दल नुसती चौकशी सुरू करायलाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या १७-अ कलमाखाली सरकारची आधी परवानगी लागते. रंगेहाथ सापळे तेवढे वगळलेत. आणि खालून वर बघायचं जे एक साधन हाती होतं, माहिती अधिकार, त्याचं ८(१)(जे) हे कलम विदासंरक्षण कायद्याने बदललं. नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू आहे. पूर्वी ‘वैयक्तिक माहिती’ नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागे. आता ती वैयक्तिक आहे एवढं पुरतं. व्यापक जनहिताचं दुसरं कलम शाबूत आहे, असं सरकार सांगतं. मुंबईच्या ‘आदर्श’ इमारतीत कोणाकोणाच्या नातेवाइकांना सदनिका मिळाल्या, ते कागद कार्यकर्त्यांनी याच अधिकाराने मिळवले होते, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाणांना पद सोडावं लागलं.

२८ मे २०२३ च्या दुपारी उज्जैनमध्ये वावटळ आली आणि पंतप्रधानांनी जेमतेम साडेसात महिन्यांपूर्वी उद्घाटन केलेल्या महाकाल लोक या मंदिर परिसरातल्या सप्तर्षींपैकी सहा मूर्ती कोसळल्या. फायबरच्या, आतून पोकळ. ते सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिलं, लोकायुक्तांनी स्वतःहून दखल घेतली. पण काम बरोबर झाल्याचा शेरा कुणी मारला, बिल कुणाच्या सहीने निघालं, हे फाइलमध्ये असतं. ती सही ही कामकाजाची माहिती की सही करणाऱ्याची वैयक्तिक, हे आज अर्ज आल्यावर पहिल्यांदा तोच माहिती अधिकारी ठरवतो, ज्याच्या कार्यालयाच्या कपाटात ती फाइल आहे.